बाबांची सकाळची गोळी

मागच्या महिन्यात बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला फोनवर बजावलं होतं, "काकांना उद्या सकाळी टेल्मिसार्टन देऊ नका." मी हो म्हटलं आणि ऑफिसच्या कॉलवर जो अडकलो तो रात्री दीडपर्यंत. सांगायचं राहूनच गेलं. बाबा शिस्तीचे, बारा वर्षांत बीपीची गोळी चुकलेली नाही. सहाला घोटभर पाण्याबरोबर घेतलीच.

ओटीच्या दारात बाबांनीच ते अभिमानानं सांगितलं. माझे पाय गार पडले. मॅडम रागावल्या नाहीत. "बरं झालं आत्ता कळलं. त्या हिशेबानं भूल देते."

हिशेब काय, ते मी नंतर विचारलं. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध शिरेतून गेलं की मिनिटभरात माणूस झोपतो. पण त्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं. एरवी शरीर वाहिन्या आवळून ते सावरतं. टेल्मिसार्टन नेमकं त्या आवळण्याच्या आड येतं. त्यात वय 68. बीपी बराच वेळ खाली राहिलं तर मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, सगळ्यांनाच रक्त कमी पडतं. आणि लगेच पुढे घशात नळी घालताना शरीर दचकतं, तेव्हा तेच बीपी उसळी मारतं!

म्हणून त्यांनी प्रोपोफॉल नेहमीपेक्षा कमी आणि हळूहळू दिलं, जोडीला थोडं केटामाइन. 1962 साली तयार झालेलं हे औषध उलट्या स्वभावाचं. गुंगी आणतं, वेदना मारतं, पण नाडी आणि बीपी सहसा वर नेतं. एकट्या केटामाइननं जागं होताना विचित्र स्वप्नं पडू शकतात, ती प्रोपोफॉलमुळे कमी होतात. नळीच्या दचक्यासाठी आधी फेंटानिल. शिवाय बीपी चढवणारं औषध सिरिंजमध्ये भरून हाताशी.

"म्हणजे अधिक-उणे मिळून शून्य?" माझा इंजिनिअरी प्रश्न. त्या हसल्या. "माणसाचं गणित इतकं सरळ असतं तर मॉनिटरकडे बघत कशाला बसले असते?" हृदयाच्या धमन्या अरुंद असतील तर केटामाइननं वाढलेली नाडी महागात पडू शकते. एटोमिडेट बीपी फारसं हलवत नाही, पण एका डोसनंही शरीरातलं कॉर्टिसॉल बनणं काही तास मंदावतं. जॉन लंडी यांनी 1926 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये 'संतुलित भूल' हा शब्द आणला, तो यासाठीच: एकाच औषधाचा मोठा डोस नको, अनेकांचे छोटे.

बीपीच्या सगळ्याच गोळ्या बंद करायच्या नसतात, हेही तेव्हाच कळलं. बीटा ब्लॉकर तर सहसा चालूच ठेवतात. आता आईबाबांच्या गोळ्यांचा कागद फ्रिजवर चिकटवलाय.

बाबांचं बीपी एकदा 92 पर्यंत उतरलं आणि सावरलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेव घातलेले पोहे मागितले, मिळाले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, "सकाळची गोळी घेतली होती, म्हणून सगळं नीट झालं." त्या फोनबद्दल मी त्यांना अजून बोललेलो नाही. हा अंक मात्र ते वाचतात.