देणगीच्या यादीत न दिसणारी शाळा



आपल्या शाळांच्या भिंतींवर देणगीदारांची नावे रंगवलेली असतात. कोणी पंखा दिला, कोणी संगणक, कोणी पुस्तकांचे कपाट. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यातूनही शाळांना मदत येते. हा हिशेब आता वहीतून संगणकात गेलाय. आपला प्रश्न मात्र जुनाच आहे: "एकूण किती आले?" माझ्या मते त्याआधी विचारायला हवे, "कुठे काहीच पोहोचले नाही?"

एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. समजा, एका केंद्रात १० शाळा आहेत. एका तक्त्यात शाळांची नावे आहेत, दुसऱ्यात प्रत्येक शाळेला मिळालेली एकूण देणगी. दोन्ही तक्ते 'इनर जॉइन'ने जोडले, की दोन्हीकडे नोंद असलेल्याच शाळा दिसतात. ७ शाळांना मिळून १,४०,००० रुपये आले असतील, तर अहवालात ७ शाळा आणि सरासरी २०,००० रुपये. छान वाटते, नाही का? पण उरलेल्या ३ शाळा गेल्या कुठे? त्या कोणी मुद्दाम लपवल्या नाहीत. प्रश्नच असा विचारला, की त्या गळून पडल्या.

आता शाळांचा तक्ता डावीकडे ठेवून 'लेफ्ट जॉइन' वापरा. दहाही शाळा येतात. तिघींसमोर 'नल', म्हणजे रिकामी जागा. इथेही सावध राहायचे. सरासरी काढताना एसक्यूएल नल मोजतच नाही, त्यामुळे उत्तर पुन्हा २०,००० च येते. 'कोअलेस' वापरून तिथे शून्य धरले, की खरी सरासरी कळते: १४,००० रुपये.

कामाचा परिणाम मोजतानाही असेच फसायला होते. समजा, वाचनालयासाठी ५,००० रुपयांच्या २ देणग्या आल्या आणि वाचन चाचणीच्या ३ नोंदी झाल्या. हे तक्ते प्रकल्पाच्या क्रमांकाने थेट जोडले, तर ६ ओळी तयार होतात आणि बेरीज ३०,००० दाखवते. प्रत्यक्षात आले १०,०००! म्हणून देणग्यांची बेरीज आधी वेगळी करावी, मग चाचण्यांशी जोडावी. आणि पुस्तके येण्यापूर्वी मुले कशी वाचत होती याची नोंदच नसेल, तर परिणाम सांगणार तरी कशावरून?

कोणी म्हणेल, देणगीदार त्याला हवे तिथे देणार, आपण काय करणार? खरे आहे. पण रिकामी ओळ आपल्यालाच दिसली नाही, तर त्याला दाखवणार कशी? रस्त्यालगतच्या शाळेला दुसरा प्रोजेक्टर मिळतो आणि वस्तीवरची शाळा पहिल्याची वाट बघत राहते, ते यामुळेच.

हे शिकवायला संगणक कक्षच हवा असे नाही. फळ्यावर दोन तक्ते काढा आणि मुलांना हाताने जोड्या लावू द्या. जिची जोडी लागली नाही ती शाळा मुलांनाच शोधू द्या. पालकांनो, तुम्हीही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत देणग्यांचा हिशेब आला, की एकदा विचारा: या यादीत कोण नाही?