गोधडी आणि नक्कल

परवा नातवाने माझ्या कानाला हेडफोन लावले आणि म्हणाला, "आजी, आवडणार नाही तुला, पण ऐक." ऐकलं. पहिली पाच मिनिटं वाटलं, विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढेच उभी आहे! 'द रॉकाफेलर स्कँक' नावाचं गाणं होतं. मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके. माझी छाती धडधडायला लागली.

अल्बम होता 'यू'व्ह कम अ लाँग वे, बेबी', ऑक्टोबर १९९८ चा. करणारा फॅटबॉय स्लिम, म्हणजे इंग्लंडचा नॉर्मन कुक. हा गृहस्थ आधी 'द हाउसमार्टिन्स' या बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. बँड १९८८ मध्ये मोडला. पुढे त्याने ब्रायटनच्या घरात बसून, अटारीचा साधा संगणक आणि अकाईचा सॅम्पलर घेऊन असलं नाचाचं संगीत केलं. सॅम्पलर म्हणजे जुन्या तबकडीवरचा एखादा तुकडा उचलून हवा तसा वाजवायचं यंत्र.

"म्हणजे याने गिटार सोडली आणि दुसऱ्यांचं चोरायला लागला?" मी विचारलं. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात, दुसरं काय सुचणार!

पण माहिती काढल्यावर गंमत कळली. गिटारवाल्या हाउसमार्टिन्सचं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव गाणं, १९८६ चं 'कॅराव्हॅन ऑफ लव्ह', ते मुळात दुसऱ्यांचंच होतं. आणि त्यात एकही वाद्य नव्हतं, नुसते गळे! तेव्हा 'आधी खरं संगीत, नंतर उसनं' हा हिशेब काही जुळत नाही. उसनं आधीही होतंच. आधी अख्खं गाणं घेतलं, आता तुकडे घेतले, एवढंच.

माझी आई गोधड्या शिवायची. त्यात एक चिंधीसुद्धा नवी नसे, पण गोधडी मात्र तिचीच. कुठला रंग कशाशेजारी बसवायचा, टाका किती जवळ घालायचा, हे तिचं. आणि पांघरूण घालताना ती सांगायची, "हे आत्याचं लुगडं, हा आबांचा सदरा." ते ऐकत आम्ही झोपायचो.

माझं म्हणणं इथेच आहे. उसनं घेण्यात कमीपणा नाही, पण कुणाचं ते सांगायला हवं. याच अल्बममधलं 'प्रेझ यू' जानेवारी १९९९ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातला बाईचा आवाज कमिल यारब्रो या अमेरिकन कवयित्री-गायिकेचा, तिच्या १९७५ च्या 'टेक यो' प्रेझ' मधला. गीतकारांत तिचं नाव कुकबरोबर छापलेलं आहे, ते योग्यच. पण नातवाने हे गाणं शंभरदा ऐकलंय आणि तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. गाणं स्तुतीचं, आणि स्तुती कुणाची? नाव छापणं हे करणाऱ्याचं काम, पण ते वाचणं हे ऐकणाऱ्याचं नाही का?

हे लिहिताना एक वही आठवते आहे. १९८९ साल, आठवीचा वर्ग, निबंधाचा विषय 'पाऊस'. एका मुलाने चार-पाच पुस्तकांतली वाक्यं जोडून निबंध लिहिला होता. जोडकाम इतकं सुरेख की सांधा दिसू नये. मी लाल शाईने 'नक्कल' लिहिलं आणि शून्य दिलं. त्यानंतर वर्षभर त्याने एकाही निबंधात पाच ओळींच्या वर लिहिलं नाही.

शून्य देण्याऐवजी मी त्याला विचारायला हवं होतं, "कुठून कुठून घेतलंस रे? खाली नावं लिही बघू." एवढी सगळी पुस्तकं वाचणारा माझ्या वर्गात तो एकटाच होता, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. आता तो पन्नाशीला आला असेल.

असो. काल नातवाला यारब्रोबाईंचं मूळ गाणं शोधायला लावलं. दोघांनी मिळून ऐकलं. तो म्हणाला, "आजी, हे जास्त भारी आहे." मला मात्र दोन्ही आवडली, फक्त पहिलं जरा हळू आवाजात!