आईच्या डोक्यातला थर्मोस्टॅट

बुलढाण्याच्या हवेचं आम्हा लोकांना फार कौतुक. घाटाखाली मलकापूर-खामगाव भाजून निघत असतात, तेव्हा वर घाटावर संध्याकाळी जरा बरं वाटतं. डिसेंबरात तर स्वेटरशिवाय भागत नाही.

अशाच एका डिसेंबरात पुण्याहून घरी गेलो होतो. रात्री दोनला जाग आली. बघतो तर आई पंखा फुल स्पीडवर लावून बसलेली, मानेवरून घामाच्या धारा.

"काय झालं गं?"

"काही नाही रे बापू, आंगातून जाळ निघून राह्यला. वय झालं आता."

दोन वर्षं हे चालू होतं! डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या होत्या. आणि मी? मी फोनवर "चहा कमी कर" एवढंच सांगितलं होतं. वय ४८, पाळी जाऊन वर्ष झालेलं. माझ्यासारख्या शिकलेल्या मुलाला दोन आणि दोन चार करता येऊ नये? असो.

मग सवयीप्रमाणे वाचत बसलो. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे, शरीराचा थर्मोस्टॅटच म्हणा. तिथल्या काही पेशींवर इस्ट्रोजेन या हॉर्मोनचे रिसेप्टर असतात. हॉर्मोन येऊन बसतं तोवर या पेशी शांत. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं, लगाम सुटतो आणि या पेशी न्यूरोकायनिन-बी नावाचं रसायन भरमसाट सोडू लागतात. ते पुढच्या पेशींच्या एनके-३ रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि मेंदूला वाटतं, शरीर तापलंय! लगेच घाम, लगेच लाली. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर ठणठणीत आहे, पण अलर्टचा थ्रेशोल्ड इतका खाली आलाय की ३० टक्के लोडवरसुद्धा भोंगा वाजतो.

नाओमी रान्स या अमेरिकन संशोधिकेने १९९० मध्ये दाखवलं होतं, की पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत या पेशी चक्क फुगलेल्या असतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या लोकांनी २०१५ मध्ये न्यूरोकायनिन-बी टोचून स्त्रियांमध्ये असे झटके आणून दाखवले. मग एनके-३ रिसेप्टरच अडवणारं फेझोलिनेटंट आलं. अमेरिकेत मे २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. स्तनाच्या कॅन्सरमुळे इस्ट्रोजेन घेता येत नाही अशा बायकांसाठी हॉर्मोन नसलेला पर्याय ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये यकृताच्या धोक्याचा ठळक इशारा त्याच्या पाकिटावर आला. आणि किंमत? बाजारात आलं तेव्हा महिन्याला ५५० डॉलर, म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये. आमच्या सोयाबीनवाल्यांनी काय विकावं?

म्हणून मला ही गोळी नाही, तर तिच्यामागची समज जास्त मोलाची वाटते. या त्रासाला मेंदूत पत्ता आहे, नाव आहे, कुलूप आहे. 'मनाचे खेळ' म्हणायची सोय आता उरलेली नाही.

हे आमच्या घरापुरतं असतं तर लिहिलं नसतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं, चाळिशीच्या आतल्यांचंसुद्धा. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले की इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं. मेंदूतला तो भोंगा मग तिशीतच वाजायला लागतो, तोही फडात, कोयता हातात असताना. 'पिशवी काढून टाका' म्हणताना हे किती जणींना सांगितलं गेलं असेल?

माझं म्हणणं साधं आहे. नवीन औषधं येतील, स्वस्तही होतील. पण चाळिशीपुढच्या बाईला "रात्री झोप लागते का? वाफा येतात का?" एवढं विचारायला कुठलंच पेटंट आड येत नाही. डॉक्टरांनी विचारावं आणि मुलांनीही विचारावं. 'हा बायकांचा विषय' म्हणून आपण फोन बाबांकडे देतो, ते आता पुरे.

आईला यावेळी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी थायरॉइड, शुगर, बीपी तपासलं, इस्ट्रोजेनच्या उपचाराचे फायदे-धोके समजावले. आईने अजून ठरवलेलं नाही, आणि ते तिनेच ठरवायचं आहे.

पण परवा फोनवर म्हणाली, "शेजारच्या काकूलेही असंच होऊन राह्यलं म्हणे. म्या सांगतलं तिले, हे डोक्यातलंच हाय, पण मनचं नाही."

मी चार तास वाचून जे समजलो, ते तिने एका वाक्यात सांगितलं.