हलकंफुलकं म्हणजे हलकं नव्हे!

सासुरवाडी धारवाडची असल्यामुळे तिथल्या मराठी घरांतल्या गप्पांना माझी वर्षातून दोन-तीनदा तरी हजेरी लागते. अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत, मध्ये पेढ्यांची प्लेट. गेल्या खेपेला विषय निघाला टीव्हीचा. मी 'डेथ इन पॅरडाइज' आवडीने पाहतो म्हटल्यावर एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "खून, वर त्यावर विनोद, आणि तोही साहेबाच्या देशातला! जी. ए. कुलकर्णींच्या गावात बसून हे सांगता?" वयाने मोठे, त्यातून सासरकडचे. तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीची ही मालिका २०११ साली सुरू झाली. कॅरिबियन समुद्रातलं सेंट मरी नावाचं काल्पनिक बेट (चित्रीकरण ग्वादलूप बेटावर होतं). तिथे लंडनहून बदली होऊन आलेला इन्स्पेक्टर रिचर्ड पूल. घामाघूम झाला तरी सूट उतरवणार नाही, हातातली ब्रीफकेस सोडणार नाही, आणि मनासारखा चहा मिळत नाही म्हणून कायम वैतागलेला. दर भागात एक खून, मूठभर संशयित, आणि शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून उलगडा. बस्स!

आता आरोप एकेक करून घेऊ.

पहिला आरोप, खुनावर विनोद. साफ चूक. मेलेल्या माणसावर त्यात कुणी हसत नाही, हसू येतं ते पूलसाहेबाच्या अडमुठेपणावर. प्रेत क्षणभर दिसतं आणि मग उरतं ते कोडं. आपल्याकडे मात्र २०२० साली 'देवमाणूस' आली, खऱ्या घटनेवर बेतलेली. बायकांना फसवून मारणारा बोगस डॉक्टर महिनोन् महिने रोज रात्री घराघरात, आणि तोच मालिकेचा हिरो! जे खरोखर मेले त्यांच्या नातेवाइकांना काय वाटलं असेल, हा प्रश्न किती जणांनी विचारला? क्रौर्य गंभीर चेहऱ्याने दाखवलं की ते 'वास्तववादी', आणि हसतखेळत न्याय मिळवून दिला की तो 'असंवेदनशील'. अजब तर्क आहे.

दुसरा आरोप, नुसता टाइमपास. अहो, या टाइमपासला नियम आहेत. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. लंडनच्या डिटेक्शन क्लबचे पहिले अध्यक्ष होते फादर ब्राउनचे जनक चेस्टरटन. सगळ्याचं सार एकच : वाचकाला फसवायचं नाही. जो धागा गुप्तहेराला दिसला तो वाचकालाही दिसला पाहिजे. 'डेथ इन पॅरडाइज' या जुन्या शिस्तीत बऱ्यापैकी बसते. तासाभरात गोष्ट संपते, वर्षाकाठी जेमतेम आठ भाग. आपल्या दैनंदिन मालिकेत एक चिठ्ठी हरवली की तीन आठवडे सापडत नाही. मग प्रेक्षकाच्या बुद्धीचा मान कोण राखतं?

तिसरा आरोप साहेबाच्या गुलामीचा. ज्या जी.एं.चं नाव पुढे केलं गेलं, ते धारवाडात इंग्रजीच शिकवत होते. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या त्यांनी 'रान', 'शिवार', 'गाव' अशा मराठीत आणल्या. ओहायोच्या जंगलात रमलेला चालतो, मग कॅरिबियन बेटावर रमलेला का चालू नये? पहिलं गंभीर आणि दुसरं गमतीचं, एवढाच फरक ना? एक गोष्ट मान्य. बेटावरचे खून सोडवायला साहेबच लागतो, हे खटकण्यासारखं होतंच. प्रमुख इन्स्पेक्टर कृष्णवर्णीय व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. पण त्या मालिकेत टिंगल होते ती साहेबाची, बेटाची नाही. पोर्तुगीज साहेब पाहिलेल्या आम्हा गोंयकारांना ती अंमळ जास्तच कळते!

खरं दुखणं वेगळंच आहे. हा प्रकार आपल्याकडेही होता, आपणच त्याला रद्दीत घातलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर मराठी माणसाने वाचनाची भूक भागवली, पण वाङ्मयाच्या चर्चेत त्यांना दारातच उभं केलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे १९८७ साली दूरदर्शनवर आला तो फुरसुंगीचा उनाड, खट्याळ पोरगाच होता. २०१७ च्या सिनेमात तो मोठा झाला आणि थेट वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यात जाऊन पडला. सिनेमा बरा होता, पण खट्याळपणा गेला तो गेलाच.

कानडी शेजाऱ्यांनी हे जास्त जपलं. गोवा मुक्त होऊन सात वर्षं होताहेत तोच, १९६८ साली, राजकुमार यांचा 'गोवादल्ली सीआयडी ९९९' पडद्यावर होता. त्या काळाची आणि डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची प्रेमाने आठवण काढत २०१९ साली 'बेल बॉटम' आला. त्यात पोलीस ठाण्यांतूनच ऐवज चोरीला जातो! पोट धरून हसायचं आणि डोकंही लढवायचं.

मराठी वाहिन्यांना माझा साधा सवाल आहे. हुबळी-धारवाडमध्ये, जिथे एकाच घरात दोन भाषा बोलल्या जातात आणि एका शब्दाचे दोन अर्थ निघतात, तिथे अशी रहस्यमालिका किती सहज फुलेल! साक्षीदार बोलला कानडीत, फौजदाराने ऐकलं मराठीत, आणि तिथेच पहिला धागा. एवढं कुणाला सुचत नाही असं नाही. हसवलं तर आपल्याला कुणी थोर म्हणणार नाही, याची भीती आहे. ती भीती जाईपर्यंत आम्ही सेंट मरीलाच जाणार, आणि कुणालाही न लाजता जाणार.