रजा कोणाची, संमेलन कोणाचे?

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलाव, काठावर पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान, जवळच नागझिऱ्याचे अभयारण्य. शहरोशहरी विखुरलेल्या कुटुंबाने कुलसंमेलन भरविण्यास असे स्थळ निवडावे, यात गैर काहीच नाही. परंतु अशा संमेलनाची पहिली अट पगारी रजा ही आहे, आणि ती या देशात वर्गानुसारच वाटली गेली आहे.

सरकारी नोकराला रजा-प्रवास सवलत मिळते. कारखान्यातील कामगाराला 1948 च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा दिली. 1966 साली विडी कामगारांसाठीही तसाच कायदा झाला. पण घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या पदरात त्यातले किती पडले? तलावाभोवतीच्या गावांतील शेतमजुराची आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्याची तर हात थांबताच मजुरी थांबते. त्यांचीही भावंडे पोटासाठी विखुरली आहेत. त्यांची गाठ पडते लग्नात किंवा तेराव्याला, तीही रोज बुडवून.

1936 साली फ्रान्सच्या कामगारांनी देशव्यापी संपाच्या बळावर दोन आठवड्यांची पगारी रजा मिळविली. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने ती प्रत्येकाचा हक्क म्हणून मान्य केली. तेव्हा असंघटित श्रमिकांना पगारी रजा आणि सार्वजनिक निवासस्थानांत त्यांच्या कुटुंबांसाठी अल्प दराच्या राखीव खोल्या, ही मागणी चैनीची म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही. तलाव आणि वन सर्वांचे असेल, तर त्यांच्या काठचे चार निवांत दिवसही सर्वांचेच असले पाहिजेत.