खोडण्यापूर्वीं पुसावें

पर्लकोटेच्या पुरानें भामरागडची वाट अडली, तेव्हां पुतण्यानें आमच्या तीर्थरूपांच्या टिपणवहीची टंकलिखित प्रत जीझिपनें आवळून इंटरनेटवरून धाडली. नातवानें ती पर्ल भाषेंतील आज्ञावलीनें उघडली, तों पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी! आज्ञावलींतील डॉलरपुढची अधोरेषाच चुकली, असें समजून तो ती खोडूं लागला. पुतण्यास पुसतां कळलें, दोष तिचा नव्हे. फाईल आधीं उलगडावयास हवी होती. उलगडतांच वही सुबोध झाली. लॅरी वॉल यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पर्लमध्यें एकेक ओळ वाचतांना तिला नांव दिलें नाहीं, तर ती त्या चिन्हांत राहते. पाणिनीच्या सूत्रांत मागील पद न उच्चारतां पुढें चालतें, त्या अनुवृत्तीचीच ही बहीण. वाचकहो, न कळलेलें तें चुकलेलेंच असतें असें नाहीं.