लॉग रिकामा, म्हणून बग नाही?

"आफ्रिकेत कोरोनाचं काही चाललं नाही" असं छातीठोकपणे सांगणारे लोक अजूनही भेटतात. कुणी म्हणतं तिथे ऊन फार. कुणी म्हणतं त्यांना घाणीची सवय, इम्युनिटी जबरदस्त. पुरावा काय, तर 'केसेसच किती कमी होत्या बघ ना!'

अरे बाबांनो, केस म्हणजे आजारी माणूस नव्हे. केस म्हणजे ज्याची टेस्ट झाली आणि जो रजिस्टरात चढला तो माणूस. प्रॉडक्शनवर एरर लॉगिंगच बंद ठेवायचं आणि डॅशबोर्ड हिरवा दिसतोय म्हणून पार्टी करायची, असले मॅनेजर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. हे त्यातलंच.

उदाहरण घ्या झांबियाचं. पहिले दोन रुग्ण सापडले 18 मार्च 2020 ला, फ्रान्सहून सुट्टी घालवून आलेलं एक जोडपं. त्याच वर्षी जुलैमध्ये लुसाका, न्डोला, लिव्हिंगस्टन वगैरे सहा जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पाहणी झाली. स्वॅबही घेतले, रक्तही तपासलं. शंभरातल्या साधारण अकरा जणांना चालू किंवा होऊन गेलेली लागण निघाली. त्यावरून हिशोब मांडला तेव्हा मार्चपासून या सहा जिल्ह्यांत सुमारे 4 लाख 55 हजार लोकांना लागण झाली असावी असं दिसलं. आणि लॅबने नोंदलेल्या केसेस? 4,917. एका नोंदीमागे 92 माणसं! सॅम्पलवरून काढलेला अंदाज आहे, मान्य. अगदी निम्मा करा. तरी 46 उरतात.

(आणि हो, लुसाकात जून-जुलै म्हणजे थंडीचे दिवस. उन्हाच्या थिअरीवाल्यांनी निदान नकाशा तरी उघडायचा.)

यावर पुढचा बाउन्सर ठरलेला: "लागण झाली असेल रे, पण मेले कुठे?"

मेले ते घरात. 2020 च्या जून ते सप्टेंबरमध्ये लुसाकाच्या युनिव्हर्सिटी टीचिंग हॉस्पिटलच्या शवागारात संशोधकांनी 364 मृतदेहांचे स्वॅब घेतले. 70 मध्ये विषाणू सापडला. कडक निकष लावला तरी 58. त्या 70 पैकी 51 जण हॉस्पिटलबाहेर वारले होते, आणि त्यातल्या एकाचीही जिवंतपणी टेस्ट झाली नव्हती. हॉस्पिटलात गेलेल्या 19 जणांपैकी झाली फक्त 6 जणांची. लक्षणं कळली नसतील म्हणावं, तर तेही नाही. ज्या 52 जणांच्या लक्षणांची माहिती मिळाली त्यातल्या 44 जणांना खोकला, ताप, धाप असली नेहमीची लक्षणं होती. 44 जणांना! म्हणजे घरच्यांना दिसत होतं, त्या माणसाला स्वतःला कळत होतं, फक्त रजिस्टराला पत्ता नव्हता.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. झांबिया फार तरुण देश आहे, निम्मी लोकसंख्या साधारण सतरा-अठराच्या आतली. तरुणांना हा आजार कमी मारतो, त्यामुळे तेवढ्याच लागणीमागे तिथे इटलीपेक्षा कमी माणसं जाणार हे खरं. पण ही वयाची करामत झाली, रक्तातली नव्हे. आणि शवागारात सापडलेल्या त्या 70 जणांचं मधलं वय होतं 48. म्हातारे नव्हेत हो, घर चालवणारी माणसं.

2021 मध्ये त्याच शवागारात पुन्हा मोजलं, जानेवारी ते जून. या वेळी 1,118 मृतदेह, आणि त्यातले सुमारे 32 टक्के पॉझिटिव्ह. लाटांच्या शिखरावर तर जवळजवळ 90 टक्के! देशाचा अधिकृत एकूण मृत्यूंचा आकडा मात्र शेवटपर्यंत चार हजारांच्या आसपासच राहिला. त्यावर बोट ठेवून 'आफ्रिकेचं गूढ' म्हणून लेख पाडणाऱ्यांची मला खरंच कमाल वाटते. गूढ कसलं डोंबलाचं? टेस्ट किट नव्हती, बेड नव्हते, आणि घरी गेलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

बरं, ही नुसती आकड्यांची हुज्जत असती तर सोडून दिलं असतं. पण 'तिथे फारसं काही नाहीये' असं एकदा ठरलं की रांगेत त्यांचा नंबर मागे टाकायला कुणाला अपराधी वाटत नाही. ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झालं डिसेंबर 2020 मध्ये, आपल्याकडे 16 जानेवारी 2021 ला. झांबियात लशींचा पहिला साठा उतरला एप्रिल 2021 मध्ये. जानेवारीची लाट तोपर्यंत येऊन, माणसं घेऊन, गेलेली होती.